दोन शनिवार-रविवारात ॲडव्हायजर? थांबा जरा मॅडम

पत्र असं आलंय, थोडं कापून देतोय:

"सर नमस्कार. मी सोलापुरात एका अनुदानित हायस्कूलला गणित शिकवते, पुढच्या जूनमधे १२ वर्षं पूर्ण होतील. त्यातली सहा वर्षं विद्यार्थी मंडळ माझ्याकडं आहे, म्हणजे हेडसरांनी गळ्यात घातलंय. निवडणूक, शपथविधी, परिपाठ, शिक्षकदिन, गॅदरिंग, सगळं. आता व्हॉट्सॲपवर एक कोर्स आलाय, इंटरनॅशनल सर्टिफाइड स्टुडंट लीडरशिप ॲडव्हायजर, दोन शनिवार-रविवार ऑनलाइन, फी २४ हजार, हप्ते पाडून देतात. योगायोगानं होटगी रोडकडच्या एका इंग्लिश मीडियम शाळेत लीडरशिप कोऑर्डिनेटरची जागा आहे, पगार इथल्यापेक्षा कमी पण काम आवडीचं, आणि ते म्हणाले सर्टिफिकेट असेल तर बरं. या महिन्यात माझी भिशी लागलीये. मिस्टर म्हणतात कागदाला २४ हजार घालायचे का. मला वाटतं सहा वर्षं मरमर केलेल्या कामाला कुणीतरी काहीतरी नाव द्यावं. घेऊ का कोर्स?"

मॅडम, उत्तर आधीच सांगून टाकतो, नाहीतर माझी बडबड वाचता वाचता तुमची भिशी त्यांच्या खात्यात जाऊन बसायची. भरू नका. निदान आत्ता तरी नका. आणि त्या इंग्लिश मीडियमच्या जागेचं शेवटी बोलतो, कारण त्यात कोर्सच्या फीपेक्षा लई मोठी रक्कम अडकलीये आणि तुम्ही ती पत्रात एका ओळीत उरकलीत.

पण मिस्टरांचं म्हणणं पण मला पूर्ण पटलं नाही बरं का. सहा वर्षं केलेल्या कामाला नाव असावं असं वाटणं यात काही चूक नाही, आपल्याकडं गणिताच्या बाईंचा निकाल किती टक्के लागला ते फळ्यावर लिहितात पण मंडळाच्या बाईंनी वर्षभर काय केलं ते कुणी विचारत सुद्धा नाही, विचारलं तर फक्त गॅदरिंगला माईक का बंद पडला हे विचारतात.

आता हे ॲडव्हायजर प्रकरण मुळात अमेरिकेतलं. तिथं हायस्कूलच्या स्टुडंट कौन्सिलवर एक शिक्षक नेमलेला असतो त्याला ॲडव्हायजर म्हणतात, आणि देशभरातल्या कौन्सिलांना एकत्र बांधणारी राष्ट्रीय संघटना उभी राहिली ती १९३१ साली. (१९३१ म्हटलं की आपल्या सोलापूरकराला १२ जानेवारी आणि चार हुतात्मेच आठवणार, असो.) कॅलिफोर्नियात तर या कामातल्या शिक्षकांची स्वतःची संघटना आहे आणि ती मास्टर ॲक्टिव्हिटी ॲडव्हायजर नावाचं सर्टिफिकेशन चालवते. म्हणजे असं काही जगात नसतंच, सगळी फसवाफसवी, असं मी म्हणत नाहीये. पण तिथं ते का लागतं हे बघा, खरी गोष्ट तिथंच आहे. तिथल्या शाळेत पोरांच्या मंडळाचा स्वतःचा निधी असतो, मॅचची तिकिटं, डान्सची तिकिटं, टीशर्ट वगैरे विकून जमवलेला, आणि त्यातला पैसा खर्च करायचा तर कॅलिफोर्नियाच्या शिक्षण कायद्यात तीन जणांची मंजुरी लागते असं लिहिलंय. एक शाळा बोर्डानं नेमलेला माणूस, दुसरा ॲडव्हायजर शिक्षक आणि तिसरा विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी. तिसरा! म्हणजे पंधरा-सोळा वर्षांचं पोरगं नाही म्हणालं तर पैसा हलत नाही. मग साहजिकच त्या शिक्षकाला हिशोब यायला लागतो, कायदा माहीत असायला लागतो, पोरांच्या मीटिंगचं मिनिट बुक कसं लिहायचं ते शिकवता यायला लागतं. त्या सर्टिफिकेटच्या मागं एक रोजचं काम उभं आहे.

आणि आपल्याकडं? आपल्या मंडळाच्या हातात किती पैसे असतात सांगा. शिक्षकदिनाच्या गुलाबाच्या फुलांची वर्गणी, आणि ती पण बाईंच्या पर्समधे. संचमान्यतेत, म्हणजे शाळेला सरकारनं मंजूर केलेल्या पदांच्या यादीत, विद्यार्थी नेतृत्व सल्लागार असं पद नाही, खाजगी शाळांच्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीत तुमची नेमणूक झाली ती डिग्री आणि बीएडवर, त्यात हा कागद लावून काही वर-खाली होत नाही. मग 'इंटरनॅशनल' म्हणजे नेमकं कोण, कुठल्या देशातली कुठली संस्था, हे त्या व्हॉट्सॲपवाल्यांना विचारा. आणि तिथंच थांबू नका, हे पण विचारा की तुमच्या कोर्सला बसायला मंडळ चालवल्याचा किती वर्षांचा अनुभव लागतो, का गृहिणी, रिटायर्ड, कॉलेजची पोरं सगळ्यांना चालतो, मी केलेलं काम कुणी बघणार आहे का, रजिस्टर मागणार का, माझ्या हेडसरांशी नाहीतर पोरांशी बोलणार का, आणि मागच्या बॅचला किती जण नापास झाले. या शेवटच्या प्रश्नाला बहुतेक हसरी इमोजी येईल. जिथं नापास होताच येत नाही तिथल्या पासाला काय किंमत मॅडम, तुम्ही गणिताच्या आहात, तुम्हाला मी काय सांगू.

कुणीतरी येऊन बघणारं ट्रेनिंग आपल्याकडं नाहीच असं पण नाही. माझंच सांगतो. मी स्काऊटचं पथक चालवायचो. भारत स्काऊट्स अँड गाईड्सकडं पथक घेणाऱ्या शिक्षकाला आधी बेसिक कोर्स, मग पोरांबरोबर काम, मग ॲडव्हान्स, मग पुन्हा काम, आणि मग हिमालय वुड बॅज, ज्याचे चामड्याच्या दोरीत ओवलेले दोन लाकडी मणी गळ्यात मिळतात. ही पद्धत १९१९ मधे लंडनजवळ गिलवेल पार्कला सुरू झाली आणि आपलं राष्ट्रीय ट्रेनिंग सेंटर पचमढीला आहे. शिबिरात तुम्ही शिक्षक नसता, तुम्हालाच पोरांसारखं आठ-आठच्या तुकडीत घालतात, तुमच्यातलाच एक जण लीडर होतो आणि तो तुम्हाला चुलीला लाकडं आणायला पाठवतो. चाळीस वर्षांचा माणूस पंचविशीतल्या पोरीचं ऐकून बादली घेऊन निघतो तेव्हा त्याला कळतं लीडरशिप कशाशी खातात ते. माझे मणी राहिले म्हणा, ॲडव्हान्सनंतर घरचं एक निघालं आणि पुढं गेलोच नाही. त्याची खंत आहे, पण त्या दोन शिबिरांनी मला जे शिकवलं ते नंतरच्या वीस वर्षांत कुठल्या हॉलमधल्या ट्रेनिंगनं शिकवलं नाही. एनसीसीचं पण तसंच, शाळेतल्या बाईंना एएनओ, म्हणजे एनसीसी सांभाळणारा शिक्षक-अधिकारी, व्हायचं तर ग्वाल्हेरला आणि सरांना कामठीला जाऊन रीतसर ट्रेनिंग घ्यावं लागतं, तेव्हा कुठं थर्ड ऑफिसरचा हुद्दा लागतो. तुमच्या शाळेत गाईडचं पथक असेल आणि कुणी घ्यायला तयार नसेल तर हात वर करा, एवढंच सुचवतो.

आता एक माझी चूक सांगतो, ती सांगितल्याशिवाय मला तुम्हाला सल्ला द्यायचा अधिकार नाही असं वाटतं.

बरीच वर्षं झाली, शाळेचं नाव सांगत नाही. विद्यार्थी मंडळ माझ्याकडं होतं. मीटिंगमधे नववीच्या पोरींनी विषय काढला की मुलींच्या बाथरूमला आतून कडी नाही आणि दुपारनंतर पाणी नसतं. सेक्रेटरी मुलगी अक्षर एकदम मोत्यासारखं, तिनं रजिस्टरमधे ठराव लिहिला, सूचक, अनुमोदक, सगळं व्यवस्थित. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी बोलावलं, म्हणाले पुढच्या आठवड्यात तपासणी आहे, हे पान काय आहे? मी ते पान काढलं. आणि त्याच मुलीला बोलावून त्या जागी वृक्षारोपणाचा ठराव लिहून घेतला. तिनं लिहिला, मान खाली घालून, तसल्याच सुंदर अक्षरात, एक शब्द बोलली नाही. कडी बसली नाही, मी पण पुन्हा विषय काढला नाही. पुढच्या वर्षी ती मंडळाला उभी राहिली नाही, मी विचारलं का गं, तर म्हणाली सर घरी काम असतं. तपासणीत मात्र रजिस्टरला 'उत्कृष्ट' शेरा मिळाला, तो शेरा मला आजही टोचतो.

नंतर पुष्कळ वर्षांनी एका ट्रेनिंगमधे रॉजर हार्ट नावाच्या माणसाची शिडी दाखवली, १९९२ मधे युनिसेफसाठी मांडलेली, आठ पायऱ्यांची, पोरांचा सहभाग कुठल्या पायरीवर आहे ते ओळखायला. खालच्या तीन पायऱ्यांना तो सहभाग मानतच नाही, पोरांना वापरून घेणं, पोरांना शोभेला उभं करणं आणि नावापुरतं बोलू देणं. चौथीपासून पुढं खरं सुरू होतं, म्हणजे काम मोठ्यांनीच नेमून दिलेलं पण का करायचं ते पोरांना नीट सांगितलेलं, आणि अगदी वरच्या पायरीला पोरं स्वतः विषय काढतात आणि निर्णयात मोठ्यांना बरोबर घेतात. मी शेवटच्या बाकावर बसून मनातल्या मनात मोजत होतो, माझी पोरं आठव्या पायरीवर चढली होती की हो, मीच त्यांना ढकलून पहिलीवर आणलं होतं.

म्हणून तुम्हाला विचारतो, ते दोन वीकेंड तुम्हाला हे शिकवणार आहेत का, की हेडसर पान फाडा म्हणाले तर काय करायचं? कारण या कामातली खरी परीक्षा तीच. स्लाइडवर टीमवर्क आणि टाइम मॅनेजमेंट कुणी पण दाखवेल.

आणि सोलापूरचे आपले वेगळे प्रश्न आहेत, ते बाहेरच्या कोर्सवाल्याला माहीत असायचं कारणच नाही. तुमची शाळा पूर्व भागात आहे का माहीत नाही पण असेल तर तुम्हाला हे रोज दिसत असणार. वर्गात मराठी, घरात तेलुगु, शेजारी कन्नड, मागच्या गल्लीत उर्दू. मंडळाच्या मीटिंगमधे बोलतं कोण, तर ज्याचं मराठी सफाईदार आहे तो. तेलुगु घरातली पोरगी मनातल्या मनात वाक्य जुळवेपर्यंत ठराव पास झालेला असतो आणि आपण म्हणतो ती लाजाळू आहे. कधी एकदा मीटिंगमधे सांगून बघा, ज्याला ज्या भाषेत बोलायचं त्यात बोला, शेजारचा मराठीत सांगेल. पहिल्यांदा हशा होतो, होऊ द्या. आणि मीटिंग शाळा सुटल्यावर ठेवत असाल तर तुमच्या मंडळातून कोण गळतं ते एकदा यादी घेऊन बघा. ज्या पोरीची आई घरी विड्या वळते तिला शाळा सुटली की घर गाठावं लागतं, पानं कापायची असतात, धाकट्याला बघायचं असतं, ती साडेपाचच्या मीटिंगला कशी थांबणार, मग आपण लिहितो 'वारंवार गैरहजर' आणि पुढच्या वर्षी तिचं नाव सुचवत नाही. ऑफ तासाला मीटिंग घेतली की चेहरेच बदलतात. मी हे लई उशिरा केलं, रिटायर व्हायला चार वर्षं उरली असताना. तुम्ही कदाचित आधीच करत असाल, करत असाल तर तेच तुमचं सर्टिफिकेट लिहिण्यासारखं काम आहे पण ते कुठं लिहिलेलं नाही ना!

तर ते लिहा. शंभर पानी वही आणा, नवी पेठेत वीस-तीस रुपयात मिळेल, आणि सहा वर्षांचं आठवेल तेवढं काढा. निवडणूक कशी घेतली, चिठ्ठ्या होत्या का मोबाईलवरचं ईव्हीएम, उभं कोण राहिलं, पडलेल्या पोरांचं पुढं काय केलं (हे महत्त्वाचं, पडलेल्या पोरांना आपण वाऱ्यावर सोडतो). पोरांनी किती ठराव केले, त्यातले किती झाले, किती ऑफिसात मेले आणि कशानं मेले. कुठला ठराव तुम्ही स्वतः मारला ते पण लिहा, मी लिहिलंय की वर. फोटो कमी लावा, हार घातलेले फोटो तर नकोच. पोरांच्या हातचं रजिस्टर, मोडक्या अक्षरातलं असलं तरी चालेल, त्याची झेरॉक्स लावा. उद्या कुठं पण, इथं नाहीतर परदेशातल्या एखाद्या खऱ्या सर्टिफिकेशनला अर्ज करायचा झाला, तर हेच काढून दाखवावं लागेल आणि ते विकत मिळत नाही.

पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं जाता जाता सांगतो, रात्री दहाला गॅदरिंगचे मेसेज टाकत असाल तर बंद करा, ग्रुपमधे दुसरे एक शिक्षक ठेवा, एकट्या पोराला किंवा पोरीला पर्सनलवर कामं सांगू नका. पोरांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा २०१२ चा आहे, पण आपल्याकडं मंडळाच्या शिक्षकांना या दृष्टीनं कुणी बसवून सांगितलेलं मी तरी पाहिलं नाही. कोर्सवाल्यांच्या माहितीपत्रकात याबद्दल एक ओळ तरी आहे का ते बघा.

बाकी नुसता सर्टिफिकेटचा कागदच हवा असेल तर फुकटात पण मिळतो. दीक्षा या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर कोर्स पडलेत, २०२० च्या शैक्षणिक धोरणात शिक्षकानं वर्षाला ५० तास स्वतःच्या प्रशिक्षणाला द्यावेत असं म्हटलंय, तुमच्या २४ हजारवाल्या कोर्सचे तास त्यात धरले जातील का हे त्यांच्याकडून लेखी मागा. तोंडी नाही, लेखी.

मला जास्त उपयोगी वाटतं ते असं. तुमच्या ओळखीत चार-पाच शाळांत मंडळ सांभाळणारे शिक्षक असतीलच, बोर्डाच्या पेपर तपासणीला भेटतात ते. महिन्यातून एकदा सात रस्त्याला नाहीतर पार्क चौकात चहाला बसा, प्रत्येकानं आपलं रजिस्टर आणायचं, ते शेजारच्यानं वाचायचं आणि तोंडावर सांगायचं, हा ठराव पोरांचा वाटत नाही, तुझाच वाटतोय. लई झोंबतं. कॅलिफोर्नियातली ती संघटना पण अशा काम करणाऱ्या शिक्षकांचीच आहे, बाहेरून कुणी येऊन त्यांना सर्टिफाय केलं नव्हतं.

आता त्या जागेचं. मॅडम, पुढच्या जूनला तुमची १२ वर्षं भरतात म्हणजे वरिष्ठ वेतनश्रेणी तोंडाशी आलीये. त्याचं जे ट्रेनिंग आहे ते शासनाचं, ते करावंच लागतं, आणि त्याच्या सर्टिफिकेटला मात्र पगारात किंमत आहे. अनुदानित शाळेतली वैयक्तिक मान्यता (शिक्षण खात्यानं तुमच्या नेमणुकीला दिलेली मंजुरी), शालार्थ आयडी (सरकारी पगाराच्या यादीतला तुमचा नंबर), हे मिळवायला लोकांनी शिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसचे जिने किती झिजवले ते तुम्हाला माहीत आहे, तुम्ही पण झिजवले असतील. एकदा राजीनामा दिला की परत तिथं यायला कुणी सतरंजी अंथरून बसलेलं नसतं. त्या शाळेचं नेमणूकपत्र कसं आहे, किती महिन्यांचं आहे, पीएफ आहे का, कोऑर्डिनेटर म्हणजे फक्त मंडळ का ॲडमिशनच्या सीझनला घरोघर पॅम्प्लेट वाटणं पण त्यातच, हे सगळं कागदावर बघितल्याशिवाय हलू नका. गणिताचे गठ्ठे नकोसे झालेत हे मला समजतं, मी इंग्रजीचे निबंध तीस वर्षं तपासलेत. पण वैतागून नोकरी सोडू नये, निदान वरिष्ठ श्रेणी हातात पडेपर्यंत तरी.

इंटरव्ह्यूला मात्र जाऊन या. खरंच जा, जायला काय पैसे पडत नाहीत. आणि सर्टिफिकेट आहे का असं विचारलं की ती शंभर पानी वही टेबलावर ठेवा. मग तुम्ही त्यांना एक विचारा, तुमच्या शाळेच्या विद्यार्थी मंडळानं गेल्या वर्षी केलेला आणि शाळेनं मान्य केलेला एक ठराव दाखवता का. रजिस्टर यायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा, आणि काय झालं ते मला नक्की कळवा.